जावेचा आवाज

पाय मोडलेल्या बाईला तिची सख्खी जाऊच बर्फात टाकून जाते. ती बाई सरपटत, झाडाच्या साली चावत, अख्खं जंगल पार करते आणि सूड घ्यायला जावेच्या दारात उभी राहते. चित्रपट अमेरिकेच्या सरहद्दीवरचा, जुन्या काळातला होता आणि आता तो आपल्या भाषेत येणार होता. परक्या नायिकांना आवाज देण्यात दोघी बहिणींतल्या थोरलीची उमेदीची वर्षं गेली होती. ही भूमिका आपलीच, हे तिने गृहीतच धरलं होतं.

डबिंगच्या मास्तरांनी नायिका धाकटीला दिली आणि जाऊ थोरलीला.

"मास्तर, ती नवखी आहे अजून," थोरली म्हणाली.

"म्हणूनच तर. तिच्या आवाजाला अजून घट्टे पडले नाहीत."

हे थोरलीच्या जिव्हारी लागलं. माईकसमोर उभं कसं राहायचं, कागद न वाजवता पान कसं उलटायचं, हे धाकटीला शिकवलं कोणी? तिनेच.

जावेचा प्रसंग तिने एका दमात केला. "ती घोंगडी इकडे दे. मेलेल्याला थंडी वाजत नाही."

"काय विष ओतलंस!" मास्तर खूश झाले. काचेपलीकडून धाकटी टाळ्या पिटत होती. "ताई, अंगावर काटा आला गं!" थोरलीला मात्र हसू आलं नाही.

मग धाकटीची ओरडण्याची दृश्यं सुरू झाली. पोरगी घशातून ओरडत होती. असंच चाललं तर आवाज बसणार, हे थोरलीने पहिल्याच हाकेला ओळखलं. पोटातून घे, एवढंच सांगायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. 'मास्तर आहेत की शिकवायला,' असं मनाशी म्हणत ती चहा प्यायला बाहेर निघून गेली.

आवाज बसला. डॉक्टरांनी धाकटीला तोंड उघडायचीही बंदी केली. नेमकी सगळ्यात मोठी किंकाळी राहिली होती: नायिका स्वतःचा मोडका पाय स्वतःच ओढून सरळ करते, तेव्हाची.

"तुमचे दोघींचे आवाज सारखेच. फोनवर मीसुद्धा फसतो," मास्तर म्हणाले. "एवढी किंकाळी तू मार."

"आणि नाव?"

"नाव तिचंच. एका किंकाळीसाठी काय पाटी बदलायची?"

नाही म्हणता आलं असतं, पण काम कसं करतात ते दाखवायची खुमखुमी होती. तिने हेडफोन चढवला. किंकाळीच्या आधी धाकटीचा श्वास होता. फाटलेला, दात वाजणारा, मध्येच लहान मुलासारखा कण्हणारा. थोरलीने त्यात खोट शोधली. सापडेना. असा श्वास आपल्याला उभ्या जन्मात जमला नसता, हे कळलं तशी पोटात आग पेटली आणि त्या आगीतूनच तिची किंकाळी निघाली. रेकॉर्डिंग करणाऱ्याने दचकून कानावरचा हेडफोन काढला.

पहिल्या खेळाला दोघी बहिणी आत्याला घेऊन गेल्या. ती किंकाळी आली आणि सगळं थिएटर चिडीचूप झालं. आत्याने डोळे पुसले आणि धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. "काय किंचाळलीस गं पोरी! काळीज हललं माझं."

थोरलीने नजर पडद्यावरून हलू दिली नाही.

"आत्या, ती मी नाही. ताई आहे ती," धाकटी म्हणाली. आवाज आता परत आला होता.

"पुरे गं, लाजतेस काय!"

"शप्पथ, ताईच आहे."

"बघा, मन तरी केवढं मोठं पोरीचं!" आत्या थोरलीकडे वळून म्हणाली. "शिक काही धाकटीकडून."

खेळ सुटल्यावर आत्या रिक्षाने घरी गेली. बहिणी बसथांब्याकडे चालू लागल्या. मग धाकटीने थोरलीच्या दंडात हात घातला.

"ताई, तसं ओरडायला मलाही शिकव ना."

थोरली थांबली. नाही म्हणायला कारण नव्हतं, आणि धाकटीचा चेहरा अगदी निर्मळ होता. त्याचाच तिला जास्त राग आला.

"नको," ती म्हणाली. "तेवढं एक राहू दे माझ्याकडे."

धाकटीने तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं," ती हळूच म्हणाली, पण दंडातला हात तिने काढला नाही.