आधी हँडब्रेक

माझी बायको नुझहा गेल्याचं मला इस्पितळाच्या फोनवरून कळलं. मी तेव्हा जॉर्डनमधल्या आमच्या सल्ट गावात एका चढावर टँकर लावून कुणाच्या तरी टाकीत पाणी सोडत होतो. छातीत दुखायला लागल्यावर ती स्वतःच गाडी चालवत गेली होती. मी पोचलो तेव्हा तिची गाडी बाहेरच्या उतारावर उभी होती. नीट लावलेली, हँडब्रेक ओढलेला.

ती ऑटोमॅटिक गाडी मी कधी चालवली नव्हती. "क्लच नाही ती कसली गाडी? वॉशिंग मशीन ते," असं मी चिडवायचो.

"मग तुझे कपडे टाक मागच्या सीटवर," ती म्हणायची.

तिच्या आईला, उम्म शिहादेंना, लेकीच्या कबरीवर जायचं होतं. कबरस्तान टेकडीवर. त्यांचे गुडघे गेलेत, टँकरमध्ये चढता येत नाही. म्हणून शुक्रवारी मी नुझहाची गाडी काढली. पहिल्याच वळणावर माझा डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला आणि ब्रेकवर आदळला. वाटायला घेतलेले खजूर सगळ्या गाडीभर उडाले.

"अरे बाबा, मलाही आजच पोचवतोस का तिच्याकडे?"

"मावशी, पाय ऐकत नाही."

"मग त्याला मागे घे आणि गप्प बसव. नुझहा एकाच पायाने चालवायची. ब्रेकलाही तोच, पळवायलाही तोच."

कबरस्तानाच्या फाटकाशी तीव्र चढ आहे. मी थांबलो, गिअर 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, टाकला आणि ब्रेकवरचा पाय काढला. गाडी किंचित मागे सरकली आणि धाडकन अडकली. सासूबाईंनी दार उघडून एक पाय बाहेर टाकला होता. तो त्यांनी आत घेतला, दार लावलं.

"ती पाय ब्रेकवरच ठेवायची. हँडब्रेक ओढायची, मग 'पी'. पाय सगळ्यात शेवटी."

"आता ओढला ना हँडब्रेक. उतरा."

"नाही. माझी पोरगी छाती धरून गाडी बरोबर लावून गेली. तुला काय झालंय? शिकून ये. मी कुठे जात नाही, आणि तीही नाही."

खजूर फाटकावरच्या रखवालदाराला दिले आणि आम्ही परतलो.

आता रोज टँकर लावून झाला की मी घरामागच्या उतारावर ती गाडी उभी करतो. पाय ब्रेकवर, हँडब्रेक, मग 'पी'. काल अजिबात सरकली नाही. तरी डावा पाय मधूनच पुढे जातो.

उम्म शिहादेंना कबरीवर न्यायचं अजून राहिलं आहे.