पाच तासांची पाळी

किमान मजुरी वाढल्याची बातमी आली तेव्हा लॉन्ड्रीतल्या बायकांनी एकमेकींना टाळ्या दिल्या. त्यात नणंद-भावजयही होत्या. इस्पितळाच्या चादरींच्या घड्या घालायचं काम या दोघींकडे, अकरा वर्षं. एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. कामाबाहेर दोघींचं फारसं पटत नसे, पण चादर धरली की हात आपसूक जुळत.

महिना संपायच्या आत मालकाने दोघींना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. बोलताना त्याची मान वर होईना.

"दर वाढला, पण इस्पितळ मला जुनेच पैसे देतंय. आठाचे पाच तास करतो. कुणाला काढत नाही, एवढं समजून घ्या."

"आणि चादरी? त्याही पाच तासांपुरत्याच येणार का?" भावजयीने विचारलं.

मालकाने हजेरीची वही पुढे ओढली.

चादरी पूर्वीइतक्याच येत राहिल्या. सुरुवातीला ढीग उरायचा, मग एकाएकी उरेनासा झाला. भावजयीला वाटलं, सरावले हात. एका सकाळी मुलीची शाळा लवकर होती, म्हणून ती तासभर आधीच पोचली. नणंद आत एकटीच. चादरीचं टोक खिडकीच्या गजाला बांधून दुसरं ओढत होती.

"वन्सं, हे कधीपासून?"

"झाले पंधरा दिवस. काम उरलं तर तो एकीला काढेल. मी साठीला टेकले, मलाच काढेल."

"आणि तुम्ही फुकट राबलात तर उद्या सगळ्यांकडून तेच मागेल. मग दर वाढून काय उपयोग?"

"माझा भाऊ कमावतोय म्हणून तुला हे सुचतंय. माझ्यामागे कोण आहे?"

भावजयीने गजाची गाठ सोडून टोक हातात घेतलं.

दुपारी ती मालकाकडे गेली. "आमच्या दोघींचे मिळून दहा तास. सात वन्संना द्या, तीन मला. घड्या तीन तासांत होतील तेवढ्या होतील, पुढे त्या इस्त्री करतील. आणि पाळीआधी त्यांना आत घेऊ नका."

मालकाने होकारार्थी मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी चादर ताणता ताणता नणंद म्हणाली, "मी मागितलं नव्हतं."

"माहीत आहे."

आता भावजय दुपारी एका कॅन्टीनमध्ये भांडी घासते. तिथेही दर नवाच आहे, आणि तासही तीनच.