आईच्या उशाशी ठेवलेला फोन

काळा, जड आणि बोट घालून चकती फिरवावी लागणारा टेलिफोन तुम्ही बहुधा पाहिलाच नसेल. मित्रांनो, मी तसाच एक जुना टेलिफोन आहे. कारखान्यात माझी घंटा तपासणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, याचा आवाज खणखणीत आहे. ते कौतुक मी अजून जपून ठेवलं आहे.

ज्या घरी मी आलो तिथे एक आई, तिचा मुलगा आणि मुलगी राहत. आई घरीच शाळेचे गणवेश शिवायची आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायची. गल्लीत दुसरा फोन नव्हता. शेजारी माझ्यावरून इतक्या मोठ्यानं बोलत की फोन नसता तरी पलीकडच्या माणसाला ऐकू गेलं असतं. आईनं उरलेल्या कापडातून मला एक झाकणही शिवलं होतं.

पुढे मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. मग मुलगा कामासाठी दूर जायला निघाला. आईला ते मान्य नव्हतं. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. "पोहोचलो की फोन करीन," एवढंच बोलून तो उंबरा ओलांडून गेला.

त्याचा फोन आला नाही. आईनं ओळखीपाळखीत चौकशी केली, पत्रं धाडली. पण पत्रं तशीच परत आली. मग तिनं मला उचलून आपल्या उशाशी स्टुलावर ठेवलं आणि घराबाहेर पडणंच सोडलं. गणवेश न्यायला दुकानदार घरी येऊ लागला. चर्चमध्ये तिचं पेटी वाजवणंही बंद पडलं. मी चालू आहे ना, हे पाहायला ती दिवसातून दहादा रिसीव्हर कानाला लावायची आणि आतला घूं घूं आवाज ऐकून परत ठेवायची. मित्रांनो, मला केवढी लाज वाटायची. मला स्वतःहून वाजता येत नाही, हे तिला कसं सांगणार?

एकदा चर्चचे पाळकसाहेब येऊन म्हणाले, मुलाला देवाच्या हाती सोपवा. सोपवलाय की, असं आई म्हणाली. तेव्हाही तिचा हात माझ्यावरच होता.

अशी चार वर्षं गेली. मुलगी दर आठवड्याला फोन करायची, पण लाईन अडकून राहते म्हणून आई दोन मिनिटांत बोलणं आटोपतं घ्यायची. एके दुपारी मुलीचा आवाज फार थकलेला वाटला. तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला मनाई केली होती. आई, तू ये, असं ती म्हणत होती. आई म्हणाली, मी निघाले आणि नेमका त्याचा फोन आला तर?

 मग मुलगी हळूच म्हणाली, "आई, तो फोन करत नाही. मी करते."

रिसीव्हर ठेवल्यावर आई शिलाई मशीनपाशी नुसतीच बसून राहिली. संध्याकाळी तिनं माझ्याकडे पाठ करून गुडघे टेकले.

"प्रभू, मुलगा तुझ्या हाती सोपवला म्हणत होते, पण सोडला नव्हता. आता सोडते. भीती वाटतेय, तरी सोडते. त्याला तू सांभाळ."

दुसऱ्या दिवशी पिशवी भरून ती मुलीकडे गेली. मी रिकाम्या घरात राहिलो. चौथ्या दिवशी मी वाजलो. सात वेळा. कोण होतं ते मला माहीत नाही. कुणी उचलल्याशिवाय पलीकडचा आवाज माझ्यापर्यंतही पोहोचत नाही. ते सात वेळा वाजणं मी किती दिवस मनात घोळवलं म्हणून सांगू! शेवटी मीही ते तिच्याच देवाकडे सोपवलं.

मुलीला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. चार महिन्यांनी आई परतली. तिनं आधी खिडक्या उघडल्या. मग माझ्यावर हात ठेवून क्षणभर थांबली, पण रिसीव्हर काही उचलला नाही. त्या रविवारी ती चर्चला गेली.

पुढे जुन्या लाईनी बंद होऊ लागल्या. लाईनमन म्हणाला, मावशी, हा नंबर गेला की परत मिळणार नाही.

"असू दे," आई म्हणाली. "मुलगा ज्याच्या हाती आहे, त्याला नंबर लागत नाही."

वायर निघाली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. मुलगा अजून आलेला नाही. रोज संध्याकाळी ती त्याचं नाव घेऊन प्रार्थना करते आणि मीही मुक्यानं सामील होतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना कधीमधी पुसत जा. कुणाची वाट पाहत असाल तर जरूर पाहा, पण जवळच्या माणसाला दोन मिनिटांत आटपू नका. आज रविवार आहे. आईनं घाईघाईनं माझ्यावरची धूळ पुसली, चपला घातल्या आणि ती निघालीसुद्धा. पेटी तिलाच वाजवायची आहे.