कापलेली पानं

"सात, आठ, दहा... नववं पान कुठंय, मास्तर?" वहीची पानं उलटत उपचार करणाऱ्या बाईंनी विचारलं.

"ते याला विचारा." मास्तरांनी मान न वळवता शेजारच्या खुर्चीकडे अंगठा केला. "माझा धाकटा भाऊ. सख्खा आहे म्हणे."

धाकटा मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसला होता. त्याच्या पलीकडे मास्तरांची बायको भिंतीकडे बघत होती. आठ महिन्यांत रुग्णालयाच्या या खोलीतल्या चारही भिंती तिला पाठ झाल्या होत्या.

आठ महिन्यांपूर्वी मास्तर आपल्या शिंप्याच्या दुकानात वरच्या फळीवरचा कापडाचा गठ्ठा काढायला शिडीवर चढले आणि डोक्यावर पडले. जखम भरली, टाके निघाले. वीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाच्या छातीचं माप ते आजही धडाधड सांगत. पण सकाळी कोण येऊन गेलं, ते दुपारी त्यांच्या गावीही नसे. शिवाय जिभेला हाड उरलं नव्हतं. हा माणूस एके काळी दिवसाला दहा वाक्यं बोलायचा, असं सांगितलं तर आता कुणी विश्वास ठेवला नसता.

या खोलीत असल्या डोक्यांना पुन्हा कामाला लावायला शिकवत. चित्रांच्या जोड्या, बारा शब्दांच्या याद्या, आणि वही. "गेलेली आठवण परत येईलच असं नाही. आता वही हीच आठवण," बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. घडेल ते तिथल्या तिथे लिहायचं, वेळ घालून. चूक झाली तर चूकसुद्धा. पानांवर नंबरही बाईंनी स्वतः घातले होते. मास्तरांना बाई आवडत नसत आणि वही तर डोळ्यांसमोर नको असे.

आज मात्र ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. गेले तीन आठवडे त्यांना दुकानात कापड कापायची परवानगी होती. टेबलाशी एक कार्ड टांगलेलं, त्यावर एकेका पायरीला खूण करायची, मगच पुढे जायचं आणि झालेलं काम या नव्या वहीत लिहायचं. ते कितपत जमलं हे बघून मास्तरांनी पुन्हा कापणीच्या टेबलाशी उभं राहावं की नाही, ते आज बाई सांगणार होत्या. मास्तरांच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेली त्यांची मोठी कात्री होती. भावाच्या भरवशावर ती दुकानात ठेवायला ते तयार नव्हते.

"वाचा की वही. मोठ्यानं वाचा. एक तरी चूक सापडते का बघा," मास्तर म्हणाले.

"'दोन शर्ट कापले. उत्तम.' 'कोटाचं अस्तर. बरोबर.'" बाईंनी पानं उलटली. "नाही. चूक एकही नाही."

"मग झालं तर! द्या लिहून."

"पण नऊ, चौदा, एकवीस आणि अठ्ठावीस, ही पानंच नाहीत."

"म्हणून तर सांगतोय, यानं कापली! माझं चांगलं लिहिलेलं याला बघवत नाही. माझं टेबल हवंय ना याला."

"चोराच्या उलट्या बोंबा," धाकटा पुटपुटला. मग त्याने पिशवीतून निळ्या कापडाचे दोन तुकडे काढून मेजावर पसरले. "वकिलांचा शर्ट, बाई. पुढचे दोन भाग. कापड कमी होतं, म्हणून दादानं घडी न घालता एकेक भाग वेगळा कापला. दुसऱ्या वेळी मापाचा कागद उलटवायचा राहिला. दोन्ही डावे झाले. तसलं कापड आता मिळत नाही."

"दोन डावे? मी?" मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, महिनाभर शिकलेलासुद्धा असली घाण करत नाही! तूच कापलंस आणि माझ्या गळ्यात मारतोयस."

"वहिनी समोर होती, दादा."

"ती तुला सामील आहे!"

"मी कुणालाही सामील नाही," बायको पहिल्यांदाच बोलली. "मला वीट आलाय. रोज तेच भांडण, त्याच शिव्या. अहो, तुम्ही विसरून मोकळे होता. आम्हाला विसरता येत नाही."

मास्तरांनी बाईंच्या हातून वही ओढून घेतली. आता ते सिद्धच करून दाखवणार होते. धाकट्याची कात्री सुरुवातीला हमखास अडखळायची. काठाला एक बारीकसा दात पडायचा आणि मग ती सरळ जायची. इतकी वर्षं बोलणी खाऊनही त्याची ती खोड गेली नव्हती. तो दात दाखवला की काम फत्ते.

त्यांनी आठव्या पानानंतरचा उरलेला काठ शोधला आणि त्यावरून बोट फिरवलं. मग तेराव्यानंतरचा. मग पुढचे दोन. सगळीकडे वरपासून खालपर्यंत एकच सरळ रेघ, शिवणीपासून अर्धं बोट सोडून. कुठे दात नाही, कुठे थांबलेली खूण नाही.

"सापडलं का?" धाकट्याने खवचटपणे विचारलं.

"हा माझा हात आहे," मास्तर म्हणाले.

"कधी कापलीत?" बाईंनी हळूच विचारलं.

"मला काय विचारता?" मास्तर ओरडले. "मला आठवत असतं तर इथं कशाला मरायला आलो असतो?"

मग त्यांना फार लाज वाटली. सगळं लख्ख दिसलं. एका वेळी त्यांनीच चूक प्रामाणिकपणे लिहिली होती. नंतर कधीतरी ती वाचून त्यांनाच सोसली नाही, आणि त्यांनी पान कापलं. मग तेही विसरून, स्वच्छ मनाने, भावाला शिव्या घातल्या होत्या. किती वेळा, ते विचारायची त्यांना हिंमत झाली नाही.

त्यांनी पिशवीतून फडकं काढलं, उलगडलं आणि कात्री भावापुढे धरली.

"धर."

"राहू दे दादा, नंतर बघू."

"नंतर मला हे ठाऊक नसेल. आत्ताच धर. ही हातात असली की मी कापडही नासणार आणि वहीही. उद्या मी मागेन. चोर म्हणेन, चारचौघांत वाट्टेल ते बोलेन. देऊ नकोस."

धाकट्याने कात्री घेतली. तिचं वजन त्याला नवं नव्हतं, तरी त्याने ती दोन्ही हातांनी धरली. बाईंनी पेन पुढे केलं. मास्तरांनी घड्याळ बघून वेळ घातली आणि लिहिलं: 'वकिलांच्या शर्टाचे दोन्ही भाग डावे कापले. चूक माझी. वहीची पानं मीच कापली. कात्री धाकट्याला मी आपणहून दिली. त्याने मागितली नव्हती.' खाली त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून तास झाला नसेल, मास्तर टेबलाशी आले.

"माझी कात्री तुझ्या हातात कशी? चोरा! मी पडायचीच वाट बघत होतास ना?"

कोटाचं माप द्यायला आलेलं एक वयस्कर गिऱ्हाईक दचकून मागे सरकलं. धाकट्याचा चेहरा लाल झाला. पण त्याने फक्त वही पुढे सरकवली आणि पानावर बोट ठेवलं.

मास्तरांनी वाचलं. पान उजेडाकडे नेऊन पुन्हा वाचलं. अक्षर त्यांचं होतं, सहीही त्यांचीच होती. मग वही मिटून ते त्या गिऱ्हाइकाकडे वळले.

"मघाशी मी याला चोर म्हटलं, ते चुकलं माझं," ते म्हणाले. "दुपारपर्यंत मी हे विसरेन. तुम्ही तेवढं लक्षात ठेवा."

गिऱ्हाइकाने मान हलवली. मास्तरांनी ढिगातला एक शर्ट उचलला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ते बटणं लावू लागले.