सोमवारपर्यंत डब्यात

शुक्रवारी संध्याकाळी सुनेने माशांच्या टाकीतला दगड बाहेर काढून बादलीवर धरला, त्याच्या भोकात सोड्याचं पाणी मारलं आणि आतून बोटाएवढा हिरवा प्राणी टुणकन बादलीत पडला. मँटिस श्रिम्प. कोळंबीचा लांबचा नातलग, छातीशी गदेसारखे दोन पाय दुमडून बसणारा. त्या पायांचा ठोसा शिंपला फोडतो. 'साहेब' तर साधा मासा होता.

साहेब म्हणजे सासऱ्यांचा आठ वर्षांचा क्लाउनफिश. घरात सासरे कुरकुर न करता ज्याच्याशी बोलत असा तो एकटाच. मंगळवारी तो टाकीच्या तळाशी फुटलेला सापडला. दगड महिन्यापूर्वी सुनेनेच आणला होता, सासऱ्यांच्या वाढदिवसाला. जीवशास्त्राची पदवी असून दगडाच्या पोटात काय आहे हे कळलं नाही, हे सासऱ्यांनी चार दिवसांत निदान दहादा सुनावलं होतं.

"चप्पल आण," ते मुलाला म्हणाले.

सून बादलीसमोर आडवी उभी राहिली. कॉलेजची प्रयोगशाळा सोमवारी नऊला उघडेल, त्यांना हा जिवंत हवा आहे, तोवर कोणी हात लावायचा नाही, असं तिने बजावलं. त्याने आपल्या जातीला धरूनच केलं, त्यात त्याची काय चूक, हेही वर ऐकवलं. बोलता बोलता हातातला, पाण्यातलं मीठ मोजायचा क्षारमापक तिने ओट्यावर आपटला. सासऱ्यांनी मात्र शांतपणे सांगितलं की माझ्या टाकीतला एक थेंबही त्याला मिळणार नाही, माझ्या हवेच्या पंपाला त्याची नळी लागणार नाही, आणि तो मेला तर मी शीळ घालीन.

काच फोडेल म्हणून तिने चार लिटरचा प्लास्टिकचा डबा घेतला. आत लपायला नळाच्या पाइपाचा तुकडा, वर बॅटरीवरचा छोटा पंप. खायला काही नाही. एवढ्याशा पाण्यात उष्टं लगेच सडतं. पाणी तिने मीठ घालून स्वतः बनवलं, क्षारमापकाला डोळा लावून, समुद्राएवढा पस्तीसचा आकडा बघून. शनिवारी दोनदा बदललं. नवऱ्याने त्या दिवशी अचानक मित्राची गाडी दुरुस्त करायला जायचं ठरवलं. त्याला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

शनिवारी दुपारी सासरे डब्यापाशी आले. पाण्यात बोट बुडवून त्यांनी जिभेला लावलं, तिच्याकडे बघून बारीक हसले आणि निघून गेले. प्राण्याने त्यांचं बोट फोडलं असतं तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

रविवारी दुपारी प्राणी पाइपाबाहेर कुशीवर पडलेला दिसला. पोटाखालची झालर रखडत हलत होती. तिने तापमान पाहिलं, अमोनियाची पट्टी बुडवली, पंप तपासला. सगळं ठीक. क्षार पस्तीस. मग तिला ते हसू आठवलं.

सासरे टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते.

"बाबा, काल पाणी चाखलंत ना?"

"चाखलं. जहाल खारट होतं. समुद्र असा नसतो."

"मग बोलला का नाहीत?"

"मरावा म्हणून."

तिने जाऊन क्षारमापकावर शुद्ध पाण्याचा थेंब टाकला. शून्य दिसायला हवं होतं. रेघ पट्टीच्याही खाली गेली. भिंग तडकलं होतं; डब्यातलं खरं मीठ पस्तीसच्या बरंच वर होतं. आपटल्यानंतर शून्य तपासायचं, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. आता अंदाजाने साधं पाणी ओतलं आणि ते जास्त झालं, तर त्यानेही तो मेला असता. दुकानं बंद. मोजायला घरात एकच जीभ होती, टाकीचं पाणी वर्षानुवर्षं चाखलेली.

ती परत आली. "या. चाखून सांगा."

"आधी तू सांग, साहेब कशाने गेला."

"ह्या प्राण्याच्या—"

"नाही."

 स्वयंपाकघरातून पंपाची घरघर ऐकू येत होती. पाच दिवस तिने जात, सवयी, ठोशाचा वेग, सगळं समजावलं होतं. हे एक वाक्य सोडून.

"मी दगड न तपासता तुमच्या टाकीत टाकला," ती म्हणाली. "साहेब माझ्यामुळे गेला."

सासरे उठले. तिने अर्धी वाटी साधं पाणी ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं, त्यांनी चाखून थुंकायचं. "अजून." चौथ्या वेळी "अर्ध्याच्या अर्धी." सहाव्या वेळी त्यांनी हात वर केला. तासाभराने प्राण्याने अंग सावरलं आणि तो सरकत पाइपात गेला.

तिने आभार मानायला तोंड उघडलं.

"राहू दे," ते म्हणाले. "तो दगडही घेऊन जा. आणि ह्यापुढे माझ्या टाकीपाशी फिरकायचं नाही."

"नाही फिरकणार."

सोमवारी आठला ती डबा छातीशी धरून निघाली. दारात सासऱ्यांनी न विचारता झाकण उचललं, बोट बुडवलं, चाखलं. "ठीक," म्हणाले, आणि दार इतक्या घाईने लावलं की ते तिच्या टाचेवर आपटलं.