शेव्हेलचा चौथा गिअर

आमच्या शेव्हेलला तीनच गिअर, तेही आपले आपण पडणारे. सत्तर सालची गाडी. इंजिन म्हणजे पिसाळलेला रेडा. छोटी गाडी मोडीत गेल्यापासून दर गुरुवारी तिच्यातूनच टोलीडोहून डेटनला जायचो. माझे दीर ऑरिन तिथल्या वृद्धाश्रमात होते. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेलेली.

हायवेला लागलो की वरचा गिअर नसल्यामुळे इंजिन अडीच तास बोंबलत राही. घरी आले तरी माझ्या कानांत घणघण. माझा नवरा वेंडेल चाळीस वर्षं पत्रे ठोकायच्या कारखान्यात होता. त्याला त्या आवाजाचं काहीच वाटत नसे.

"गिअरबॉक्स बदल, नाहीतर बायको बदल," मी एकदा म्हटलं.

"बायको स्वस्तात पडेल," तो म्हणाला.

खरी अडचण वेगळीच होती. तो बॉक्स ऑरिननी स्वतःच्या हातांनी बांधला होता.

शेवटी वेंडेलने चार गिअरचा बॉक्स आणला. एकोणसत्तराव्या वर्षी तीन शनिवार-रविवार गाडीखाली उताणा पडून राहिला. नवा बॉक्स मावेना म्हणून गाडीचा तळ हातोड्याने ठोकून वर घेतला. मागची चाकं फिरवणारा शाफ्ट कापून आखूड करून आणला. एवढं करूनही गाडी चौथ्यात जायची, तिसऱ्यात यायची, पुन्हा चौथ्यात. उठू की बसू करणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. कार्बुरेटरकडून बॉक्सकडे जाणारी केबल आवळत तो आठवडाभर चिडचिडत होता. बुधवारी गिअर नीट पडले.

गुरुवारी फिंडले गाव मागे पडलं, चौथा गिअर लागला आणि गाडीत एकदम शांत झालं. मला माझाच श्वास ऐकू आला.

"वेंडेल, मला आता दर गुरुवारी जमणार नाही. मी थकलेय."

"हे कधीपासून?"

"दोन वर्षं सांगतेय. ईस्टरलाही सांगितलं, याच रस्त्यावर. तू म्हणालास, हो हो, पेट्रोल पुढे भरू."

त्याने आवाज वाढवायला रेडिओकडे हात नेला आणि मागे घेतला.

"माझा भाऊ आहे तो, नोरीन."

"आहेच. आणि त्यांचे पाय मी चोळते. तू खुर्चीत बसून बेसबॉल बघतोस."

लायमा गावही मागे गेलं. त्याची मान लाल झाली होती. मला वाईट वाटलं. पण बोललेलं परत घ्यावंसं वाटलं नाही.

ऑरिन खिडकीशी बसले होते. वेंडेल टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"तुझा बॉक्स काढला मी. हिला त्रास होत होता."

ऑरिननी बराच वेळ खाली उभ्या गाडीकडे पाहिलं. मग चालता हात उचलून, माशी हाकलावी तसा झटकला. जाऊ दे, असंच म्हणायचं असावं. वेंडेलला रडू आलं, म्हणून तो खाली वाकला आणि भावाचे मोजे काढू लागला. मी मलमाची डबी त्याच्या हातात दिली. घोट्याऐवजी तो बोटंच रगडत होता. मी सांगायला गेले नाही.

आता मी महिन्यातून एकदा जाते. तो दर गुरुवारी एकटा जातो, संध्याकाळी येऊन बूट न काढताच कोचावर कलंडतो.