पाहुण्यांना ओरडायचं नसतं

"मावशे, आमाला तू मेल्यांनो म्हनतेस, तंगडं मोडायला निघतेस. आन् या शहरवाल्यांना नुसतं 'ओ साहेब, मागं या'. असं का गो?"

हे ठमीमावशीला तोंडावर विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, वैष्णवी आणि सावळीने, लावली होती. मी विचारलं आणि दोघी पळून झाडामागे लपल्या.

माळशेजच्या रस्त्यालगत आमच्या गावाचा ओढा आहे. पावसाळ्यात तिथे गाड्यांची रांग लागते. मावशी आधी तिथे नुसती कणसं विकायची आणि पाण्यात उतरणाऱ्यांवर फुकट ओरडायची. मग ग्रामपंचायतीने तिला हिरवं जाकीट, शिट्टी आणि रोजंदारी दिली. कणसं अजून विकतेच.

निखाऱ्यावर कणीस फिरवत ती म्हणाली, "आपल्या पोरांना वरडायचं. पावन्यांना सांगायचं."

"आन् नाय ऐकलं तर?"

"परत सांगायचं. सर तिकडं, धूर जाईल डोल्यांत."

शाळेत आम्हाला समज, ताकीद, तंबी, कानउघाडणी हे शब्द समानार्थी म्हणून एकाच ओळीत शिकवलेत. पेपरात कुठलाही लिहा, मार्क मिळतात.

त्याच दुपारी डोंगरावर पाऊस पडला आणि पाणी गढूळ यायला लागलं. गढूळ आलं म्हणजे वाढणार, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मावशीने शिट्टी मारली. सगळे बाहेर आले, एक मुलगा सोडून. माझ्याच वयाचा असेल. मधल्या खडकावर मोबाईल उंच धरून उभा.

"ओ दादा, पानी वाढतंय. भायेर या."

त्याने हात हलवला. तिने परत सांगितलं. तो हसला. मग मावशीचा आवाज चढला.

"ये मुडद्या! आयशीला रडवतोस का? भायेर ये आदी, नायतर तंगडंच मोडीन!"

तो दचकला आणि धडपडत आला. खडक पुढे बुडाला, पण सावकाश. तोपर्यंत तो आपणहून आला असता का, मला माहीत नाही.

त्याचे वडील मात्र लालेलाल झाले होते. "मुडदा कोणाला म्हणता? लोकांशी बोलायची ही पद्धत?"

मावशी एकदम लहान झाली. "चुकलं साहेब. घाबरल्यावर तो मला आमचाच वाटला."

ते थेट सरपंचांकडे गेले. सरपंच म्हणजे आमचे भगीरथकाका. त्यांनी मावशीला पंचायतीत बोलावून सगळ्यांसमोर सुनावलं, "ठमे, समज द्यायची, दम नाय द्यायचा. तुला ठेवायची का नाय, ते ग्रामसभेत ठरवू." जाकीट आणि शिट्टी तिथेच काढून घेतली.

पुढच्या रविवारी मावशी साध्या लुगड्यात कणसं भाजत बसली होती. लोक पाण्यात होते. ती एकदा अर्धवट उठली, तोंड उघडलं आणि परत बसली. मला राहवेना. पाणी कमी आणि स्वच्छ होतं, तरी मी मुद्दाम त्याच खडकावर जाऊन उभी राहिले. म्हटलं, आता तरी घालेल शिवी.

मावशीने पाहिलं. "बाय, जरा मागं येता का?" म्हणाली.

येता का! मला! थोबाडीत बसली असती तर कमी लागलं असतं.

घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती आणि बाबा मुरबाडहून कामावरून येऊन पाय धूत होते.

"उद्या ग्रामसभेला मी येनार," मी सांगितलं. "ठमीमावशीसाठी बोलनार."

"तुला मत नाय तिथं," बाबा म्हणाले.

"पोरीची जात, गावासमोर कसली उभी राहतेस?" आई म्हणाली. "भगीरथकाकांना काय वाटंल?"

"मत नसू दे. त्या दिवशी वढ्यावर मी व्हते, काका नव्हते. मी बोलनार, बाबा. तुमी माज्या शेजारी बसा, नायतर मी एकटी बसते."